चेंडू उडत होता, पण जिवंत वाटत नव्हता! ॲनिमेशनची ३ तत्त्वं सोप्या भाषेत

काही दिवसांपूर्वी मी मोबाइलवर पहिलं ॲनिमेशन केलं. विषय साधाच, टप्पे खाणारा चेंडू. फ्री ॲप घेतलं, बोटाने २४ चित्रं काढली, सेकंदाला १२ चित्रांचा वेग ठेवला आणि प्ले केलं. चेंडू वर-खाली जात होता, पण कुणीतरी दोरीने ओढतंय असा! मला वाटलं ॲपच फालतू आहे, पैसे भरून प्रो व्हर्जन घ्यावं. घेतलं नाही ते बरं झालं, कारण चूक माझ्या चित्रांत होती.

ही तत्त्वं आली कुठून?

१९३० च्या दशकात डिस्ने स्टुडिओतले ॲनिमेटर हालचाल खरी कशी वाटेल याचे प्रयोग करत होते. त्यातून तयार झालेली १२ तत्त्वं फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्याच दोन ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात मांडली. माझ्या चेंडूला त्यातली तीन पुरली.

१. स्लो इन, स्लो आउट

मी सगळी चित्रं सारख्या अंतरावर काढली होती. पण खरा चेंडू वर पोहोचताना मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो. म्हणून वरची चित्रं जवळजवळ आणि जमिनीजवळची लांब लांब काढायची. चित्रं तेवढीच ठेवून मी फक्त जागा बदलल्या आणि चेंडूला लगेच वजन आलं.

२. स्क्वॉश आणि स्ट्रेच

जमिनीला टेकला की चेंडू चपटा होतो, वेगात असताना थोडा लांबट दिसतो. लक्षात ठेवा, चपटा केला तर रुंदीही वाढवायची. नाहीतर चेंडू दबण्याऐवजी लहान झाल्यासारखा वाटतो. जास्त दाबला तर रबरी, अजिबात नाही दाबला तर लोखंडी गोळा!

३. अँटिसिपेशन

आपण उडी मारण्याआधी गुडघे वाकवतो ना? तसंच. थांबलेला चेंडू आधी दोन-तीन चित्रं खाली दबला आणि मग उडाला, तर त्याने स्वतः ठरवून उडी मारली असं वाटतं. माझा चेंडू ‘जिवंत’ झाला तो इथे. डोळे नाहीत, तोंड नाही, तरी!

कॉम्प्युटरवरही हेच चालतं का?

हो! पिक्सारची १९८६ ची ‘लक्सो ज्युनियर’ ही शॉर्ट फिल्म बघा. त्यात फक्त दोन टेबल लॅम्प आणि चेंडू आहेत. धातूचा लॅम्प चपटा होऊ शकत नाही, म्हणून दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी त्याला सांध्यांत वाकवलं. छोटा लॅम्प उडी मारण्याआधी वाकतो आणि आपल्याला तो खट्याळ पोर वाटतो. या फिल्मला ऑस्कर नामांकनही मिळालं होतं.

आता तुम्ही करून बघा

आधी खरा चेंडू टाकून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. मग व्हिडिओ थांबवत थांबवत चेंडू कुठे किती अंतर कापतो ते बघा आणि तसंच काढा. नवीन ॲपवर पैसे घालवण्याआधी एवढं नक्की करा. माझे तरी वाचले!