कातडीतून शिरणारे विष

ऑगस्ट-सप्टेंबरात अमरावती-अकोल्याच्या वावरांत पाठीवर पंप घेतलेली माणसे दिसू लागतात. कपाशीवर फवारणी सुरू असते. दुपारनंतर एखाद्याला मळमळते, डोके जड होते, दरदरून घाम फुटतो. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून तो लिंबूपाणी पिऊन पडून राहतो. घात होतो तो इथेच.

२०१७च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अकोला, अमरावतीतही अनेकांना बाधा झाली. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती. फवारा तोंडावर, छातीवर येत होता. श्वासातून आणि घामाने भिजलेल्या कातडीतून विष अंगात गेले.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके. मज्जातंतूचा निरोप स्नायू व ग्रंथींपर्यंत नेणारे असिटिलकोलिन हे रसायन, काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर मोडून टाकते. ही कीटकनाशके त्या विकरालाच जखडतात. निरोप थांबतच नाही. बाहुल्या बारीक होतात, लाळ सुटते, उलट्या-जुलाब होतात, स्नायू थरथरतात. पुढे फुफ्फुसांत स्राव साठतो, श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

उपचार आहेत. अ‍ॅट्रोपिनने स्राव आटोक्यात येतो. विकराची सुटका करण्यासाठी पॅम (प्रालिडॉक्झिम) देतात. मात्र उशीर झाला की विषाची पकड पक्की होते आणि पॅमचा उपयोग घटतो. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल यांच्यावर तर नेमका उतारा नाही. लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारली, तर नेमके काय भिनले हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

म्हणून त्रास जाणवताच फवारणी थांबवावी, कपडे उतरवावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे. उलटी करवू नये. १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. त्यावरचे नाव पाहून डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष.

फवारणी वाऱ्याच्या दिशेने, सकाळी किंवा संध्याकाळी, हातमोजे, चष्मा, मास्क आणि अंगभर कपडे घालूनच करावी. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. नाहीतर वावरात न गेलेल्या माणसालाही बाधा होऊ शकते.