नातवाचे चिलखत आणि आपला श्वास

१६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. शिवजयंतीला किंवा स्नेहसंमेलनात असा मावळा साकारायचा, तर चिलखत आणि शिरस्त्राण हवेच. हल्ली ते फोमच्या शीटचे करतात आणि चिकटवण्याचे काम बहुधा घरी असणाऱ्या आजी-आजोबांच्या वाट्याला येते. म्हणूनच डिंक निवडताना चिलखताइतकाच आपल्या प्रकृतीचाही विचार व्हावा.

उन्हात कोणता डिंक टिकतो?

पिंपरी-चिंचवडच्या मोटार कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा ताप ठाऊक आहे. डॅशबोर्डजवळ तो ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतो. ग्लू गनचा डिंक उष्णतेनेच वितळतो. त्यामुळे अशा गाडीत ठेवलेल्या चिलखताचे सांधे सैल पडतात. चपला जोडण्यासाठी वापरतात तसा रबरयुक्त डिंक ऊन अधिक सोसतो. तो दोन्ही बाजूंना पातळ लावावा, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यावा आणि मगच भाग एकमेकांवर दाबावेत.

टिकाऊपणाची किंमत

या डिंकात बहुधा टोल्युइनसारखे द्रावक असते. त्याच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते. दमा किंवा सीओपीडी असणाऱ्यांचा त्रास बळावू शकतो. कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि सहज पेट घेते. म्हणून काम गच्चीत किंवा मोकळ्या गॅलरीत, घराचे दार लोटून करावे. जवळ समई, उदबत्ती वा शेगडी नसावी. घरात कोणाला ऑक्सिजन सुरू असेल, तर हा डिंक घरात उघडूच नये.

श्वासाचा विकार असल्यास पाण्यावर आधारित डिंक निवडावा. तो सुकायला वेळ घेतो, पण त्याचा उग्र दर्प येत नाही. अन्यथा रबरी डिंकाचे काम घरातील निरोगी प्रौढ व्यक्तीवर सोपवून आपण मापे घेण्याचे व कापण्याचे काम करावे. काम करताना धाप लागली, तर लगेच मोकळ्या हवेत यावे, डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर घ्यावा आणि आराम न पडल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

भाजल्यास

बऱ्याच ग्लू गनमधील डिंक दीडशे अंशांहून अधिक तापतो. वयोमानाने त्वचा पातळ होते आणि मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यामुळे जखम खोल होईपर्यंत कळत नाही. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. चिकटलेला डिंक ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. मधुमेह असल्यास जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी.

चिलखत घालताना

तयार चिलखत निदान एक दिवस हवेशीर जागी ठेवावे. फोममधून घाम सुकत नाही. म्हणून आत सुती सदरा असावा, काखेत व मानेशी फट ठेवावी आणि प्रवेशाची वेळ आली की मगच मुलाला ते चढवावे. प्रवेश संपताच ते उतरवून त्याला पाणी द्यावे, आणि आपणही प्यावे.