मौन सोडताना : बालपणी धर्मगुरूकडून अत्याचार झाला असल्यास कायद्याचे मार्ग



लहानग्यांना अडखळण करणाऱ्याविषयी प्रभू येशूने शुभवर्तमानात अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत. तरीही एखाद्या धर्मगुरूने बालकावर लैंगिक अत्याचार केल्याचे कळले, की ‘ख्रिस्तसभेची बदनामी नको’ असे म्हणून आपणच विषय मिटवतो. मिशनची शाळा आणि वसतिगृह हाच जिथे कुटुंबाचा आधार असतो, तिथे तर तोंड उघडणे अधिकच कठीण. म्हणून आपल्या जालना जिल्ह्यातील भाविकांसाठी हे मार्ग स्पष्टपणे मांडत आहे.

पीडित आज १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा लागू होतो. तो मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातील पोलिसांनी घ्यायचा असतो. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. खटला विशेष न्यायालयात चालतो. मुंबईत २०१५ मध्ये एका अल्पवयीन मुलावर अत्याचार केल्याबद्दल अशाच न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका धर्मगुरूला जन्मठेप सुनावली.

‘माझ्या बाबतीत घडले त्याला वीस वर्षे झाली, आता काय उपयोग?’ असे काही जण विचारतात. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांहून अधिक शिक्षा आहे, त्याला फौजदारी कायद्यात मुदतीचे बंधन नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पूर्वीच्या घटनांना पोक्सो लागत नाही. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेची बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार आदी कलमे लागतात. सौम्य कलमांना मात्र मुदत आहे, म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा साधारणतः वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतच लावता येतो. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना जालन्यात घडली आणि आपण आज पुण्यात राहत असलो, तरी पुण्यातील ठाण्याने ती नोंदवून पुढे पाठवायची असते.

ज्याला गुन्हा कळतो त्याचेही कर्तव्य आहे. पोक्सोच्या कलम १९ नुसार बालकावरील अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बालकाला स्वतःला ही शिक्षा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले. तेव्हा धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवून आपली जबाबदारी संपत नाही.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदाही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या आदेशानुसार धर्मगुरू व व्रतस्थांनी अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तक्रारदारावर मौनाची अट लादता येत नाही. अशा प्रकरणांतील ‘पोंटिफिकल सिक्रेट’ डिसेंबर २०१९ मध्ये उठवण्यात आले. दोषी ठरलेल्याला याजकपदावरून दूर करता येते. परंतु तुरुंगात पाठवणे राज्याच्याच हाती आहे. म्हणून बिशपांकडील तक्रार ही पोलीस फिर्यादीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतात. आणखी एक सूचना : पापनिवेदनात सांगितलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. मदत हवी असेल तर त्या संस्काराबाहेर, शक्यतो विश्वासू व्यक्तीला सोबत घेऊन सांगावे.

खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून आर्थिक साहाय्याचीही तेथेच विचारणा करावी. बालकासाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत.

फिर्याद कधी करावी, हे प्रौढ पीडिताने स्वतः ठरवावे. त्याच्यावर कोणी दडपण आणू नये. परंतु तो बोलू लागेल तेव्हा आपण त्याच्यावर अविश्वास दाखवू नये. ख्रिस्तसभेची लाज त्याच्या बोलण्याने जात नाही. ती आपल्या झाकण्याने जाते.