दुय्यम कव्वालीत सवाल कोणता?
भीम जयंती किंवा बुद्ध पौर्णिमा जवळ आली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी पत्रके लागतात : दुय्यम कव्वाली. दुय्यम म्हणजे कमी प्रतीची नव्हे. दोन पार्ट्यांचा सामना, बहुधा एक गायक आणि एक गायिका. ढोलक-बेंजोच्या साथीत एकाने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गाण्यातूनच समाज जागा केला. आज मात्र सवाल बाई-माणसाच्या टिंगलीवर घसरतात, आणि टाळ्याही त्यालाच पडतात! समितीने मानधन ठरवतानाच विषयही ठरवावा. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब का हरले? तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. टाका हा सवाल, बघू जवाब कोण देतो.