अमळनेरच्या ट्रंकेतला कागद

२९ डिसेंबर २०२५ ला विप्रोला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. अशा निमित्ताने सॉफ्टवेअर, एआय आणि अमेरिकेतली कंत्राटं यांवर भरपूर छापून येतं. अमळनेरला मात्र या कंपनीची खरी ओळख एका कागदाने, शेअर सर्टिफिकेटाने, आहे. जाडसर कागद, त्यावर कंपनीचं नाव, फोलिओ क्रमांक, खाली संचालकांच्या सह्या आणि शिक्का, मागे हस्तांतराच्या नोंदींचे रकाने. आजोबांनी घेतलेला, आजीने ट्रंकेत जपलेला. माझ्या मते या कंपनीचा इतिहास त्या कागदापासूनच वाचायला हवा.

मोहम्मद हाशम प्रेमजी हे मुंबईचे तांदळाचे मोठे व्यापारी. १९४५ साली त्यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि कारखान्यासाठी अमळनेर निवडलं. खान्देशात भुईमूग पिकत होता, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग गावातूनच जात होता. शिवाय अमळनेरला गिरणीच्या भोंग्याची सवय होती. प्रताप शेठजींची प्रताप मिल आधीपासून चालू होती. याच शेठजींनी १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. साने गुरुजी इथल्याच शाळेत शिक्षक होते. प्रेमजी आले ते अशा जागत्या गावात.

कारखान्यात होणारं काम सांगायला सोपं आहे. शेंगदाण्याचं तेल शुद्ध करायचं, तापवायचं, निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन वायू सोडायचा. पातळ तेल तुपासारखं घट्ट होतं. हेच वनस्पती तूप. डालडा १९३७ पासून बाजारात होताच, त्याच्यासमोर अमळनेरचं ‘सनफ्लॉवर’ उभं राहिलं. या मालाविषयी त्या काळी लोकांच्या मनात मोठा संशय होता. गांधीजींचा त्याला विरोध होता. साजूक तुपात भेसळ होऊ नये म्हणून वनस्पतीला रंग द्या, अशी मागणी होत होती. पुढे त्यात पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं, कारण तिळाचं तेल साध्या रासायनिक तपासणीत रंग बदलून स्वतःला उघडं पाडतं.

तेल शुद्ध करताना खाली जो साबणासारखा गाळ बसतो, तोही वाया गेला नाही. अशा गाळातून कपडे धुण्याचा साबण होतो. या कंपनीने ‘७८७’ नावाचा साबण काढला. पुढच्या ‘संतूर’ची मुळं इथे आहेत. हळद-चंदनाची ती जाहिरात अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण त्या साबणामागे अमळनेरचा तेलाचा गाळ आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

११ ऑगस्ट १९६६ ला हाशम प्रेमजी अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला. त्यानंतरच्या वार्षिक सभेत एका भागधारकाने त्याला तोंडावर सांगितलं की, तुला हे जमायचं नाही, तुझे शेअर विकून कंपनी कुणा जाणत्याच्या हाती दे. अझीम प्रेमजींनी हा प्रसंग नंतर स्वतःच सांगितला आहे. मला त्या भागधारकाचं कौतुक वाटतं. मालकाच्या मुलाला भर सभेत असं सुनावणारा माणूस कंपनी आपली मानत होता.

पुढची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे: १९७७ मध्ये नाव बदललं, आयबीएमने भारत सोडला, विप्रो संगणकाकडे वळली. मी अमळनेरच्या बाजूने हिशेब मांडतो, कारण यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

१९८० साली कुणी शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर घेतला आणि विकला नाही, असं धरू. १९८१ आणि १९८५ च्या बोनसने त्याचे चार झाले. १९८६ मध्ये दर्शनी किंमत शंभराची दहा झाली, म्हणजे चाळीस. १९८७, १९८९, १९९२, १९९५ या चार बोनसनी ते ६४० झाले. १९९७ मध्ये एकास दोन बोनस मिळाला: १,९२०. १९९९ मध्ये दहाचे दोन रुपये झाले: ९,६००. २००४, २००५ आणि २०१० चे बोनस धरले की ९६,०००. २०१७, २०१९ आणि २०२४ नंतर हा आकडा ५,१२,००० वर जातो. शेअरचा भाव नुसता २०० रुपये धरला तरी दहा कोटींच्या वर.

पण बोनसने माणूस श्रीमंत होत नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही, भावही त्या प्रमाणात खाली येतो. वाढला तो कंपनीचा नफा. आणि अमळनेरकरांनी जे केलं ते बाजारातल्या भल्याभल्यांना जमत नाही: त्यांनी विकलं नाही. २००० च्या फेब्रुवारीत भाव दहा हजारांच्या घरात गेला आणि पुढे कित्येक पटींनी कोसळला, तरी बऱ्याच घरांनी कागद हलवला नाही. मूल जन्मलं की त्याच्या नावाने विप्रोचा शेअर घ्यायचा, अशी रीत इथे पडली. हे सगळ्या गावाचं झालं नाही, हेही सांगायला हवं. ‘करोडपतींचं गाव’ हे बिरुद मला पटत नाही. ज्यांच्याकडे तेव्हा शंभर रुपये बाजूला ठेवायला नव्हते, त्यांच्या ट्रंकेत कागद कुठून येणार?

एक गोष्ट अजून अनेकांच्या लक्षात आलेली नाही. २०१३ मध्ये कंपनीचं विभाजन झालं. साबण, दिवे आणि हायड्रॉलिक्सचे धंदे ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या वेगळ्या कंपनीत गेले, आणि ती शेअर बाजारात नोंदलेली नाही. म्हणजे ज्या कारखान्याकडे पाहून आजोबांनी शेअर घेतला, तो कारखाना आज त्या शेअरच्या कंपनीत नाही. कागद राहिला सॉफ्टवेअरचा. रीतसर व्यवहार होता, भागधारकांना पर्यायही दिले होते. तरीही मला ती गावाशी झालेली ताटातूट वाटते. कंपनीची सूत्रं घराण्यातच आहेत: २०१९ पासून अझीमभाईंचे पुत्र रिशद अध्यक्ष आहेत. त्याच वर्षापर्यंत वडिलांनी आपल्या भागभांडवलातून कंपनीच्या ६७ टक्के मालकीचं उत्पन्न परोपकारासाठी देऊन टाकलं होतं. हाशम प्रेमजींच्या शेंगदाण्याच्या तेलातून आलेला पैसा आता सरकारी शाळांच्या कामी येतो, याचा खान्देशाने अभिमान धरावा.

आता कामाचं. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे जातात. ते बुडत नाहीत, मालक किंवा वारस अर्ज करून परत मागू शकतात. मूळ धारक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं जोडून नाव बदलून घेता येतं. १ एप्रिल २०१९ पूर्वी हस्तांतरासाठी दिलेल्या आणि त्रुटी काढून परत आलेल्या कागदपत्रांसाठी सेबीने जुलै २०२५ मध्ये खास मुदत दिली होती. ती ६ जानेवारी २०२६ ला संपली. रविवारी घरात सगळे असतात. माळ्यावरची ट्रंक खाली काढा, आणि फोलिओ क्रमांक आधी वहीत उतरवून घ्या.