दोन दिवसांत दख्खनचा इतिहास : विक्रोळीहून औरंगाबादची सहल

सुट्टी लागली की आपण महाबळेश्वर, नाहीतर गोवा म्हणतो. पण मलिक अंबर कोण, असे वर्गात विचारले तर आमची बरीच मुले गप्प बसतात. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी माणसाने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. मुलांना ते एकदा दाखवायलाच हवे.

मंगळवारी वेरूळ बंद असते. म्हणून शुक्रवारी रात्री निघा. देवगिरी एक्स्प्रेस विक्रोळीला थांबत नाही, लोकलने ठाणे गाठा. पहाटे उतराल.

शनिवारी ऊन चढण्याआधी दौलताबाद. किल्ल्यात भरपूर पायऱ्या आणि अंधारी भुयारी वाट आहे. गुडघे दुखणाऱ्या दादी-नानींना वर चढायचा आग्रह नको, खालून चाँद मिनार निवांत बघता येतो. त्याच रस्त्याने पुढे खुलदाबाद, मग वेरूळ. खुलदाबादला मलिक अंबरची कबर आहे आणि जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची.

रविवारी सकाळी पाणचक्की आणि बीबी का मकबरा. दुपारच्या तपोवन एक्स्प्रेसने परतलात तर सोमवारची शाळा बुडत नाही.

बादशाहाची कबर साधी, उघड्या आभाळाखाली. त्याच्या बेगमसाठी, दिलरस बानोसाठी, मुलगा आझमशाहने बांधलेल्या मकबऱ्यावर मात्र संगमरवरी घुमट. असे का? उत्तर आपण लगेच देऊ नये, मुलांनाच शोधू द्यावे.