उमरग्याची लेक, खजुरीची सून

लग्न होऊन उमरग्याहून खजुरीला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "परमुलखात चाललीस गं!" खरं तर १९५६ पर्यंत दोन्ही गावं हैदराबाद राज्यातलीच. १ नोव्हेंबरला मधून सीमा गेली. ज्वारीची भाकरी तीच, सासूबाईंच्या तोंडी 'रोट्टी' एवढंच.

पण लेकाच्या शाळेतून कन्नड चिठ्ठी आली आणि एम.ए. झालेली मी निरक्षर ठरले! दुसरीतल्या लेकानं ती अडखळत वाचून दाखवली. त्या रात्री मी त्याच्याच पाटीवर कन्नड मुळाक्षरं गिरवली. रविवारी तो माझ्याकडे मराठी बाराखडी गिरवतो. आता फोनवर आई त्याला विचारते, "ऊट आयता?"
"जेवलो, आजी!"

वाचकहो, तुमच्या घरी मुलं आजीशी कोणत्या भाषेत बोलतात?